लिझ्यूची संत तेरेज



आजचा विषय फलकावर वाचून काहींच्या मनात एक प्रश्न सहजच आला असेल. ज्ञानोबा-तुकोबांच्या मुलखात फ्रान्समधल्या एका कॅथलिक संन्यासिनीची कथा कशासाठी? प्रश्न रास्त आहे, आणि त्याला बगल देऊन पुढे जाणे बरे नव्हे.

याचे एक सोपे उत्तर आपल्याकडे नेहमी तयार असते. सर्व धर्म एकच गोष्ट सांगतात, सर्व संत एकाच माळेचे मणी, असे म्हटले की काम भागते. टाळ्याही मिळतात आणि कोणाचेच काही नीट वाचावे लागत नाही. मी ते उत्तर देणार नाही. तेरेज ही अंतर्बाह्य कॅथलिक होती. तिच्या आयुष्यातून ख्रिस्त वजा केला तर मागे एक क्षयाने मेलेली मुलगी तेवढी उरते. तेव्हा ती आपल्यासारखीच होती असे म्हणून तिला घरात घेण्यापेक्षा, ती जशी होती तशी तिच्या दारात जाऊन पाहावी, हे मला अधिक सभ्यपणाचे वाटते.

गोव्याला गेलेल्या आपल्यापैकी पुष्कळांनी जुन्या गोव्यातल्या बॉम जेझूस चर्चमध्ये सेंट फ्रान्सिस झेविअरची पेटी पाहिली असेल. हा पुरुष १५४२ साली गोव्यास उतरला, पुढे जपानपर्यंत गेला आणि १५५२ साली चीनच्या दाराशी एका बेटावर वारला. १९२७ साली रोमहून पोपने जाहीर केले की जगभरच्या ख्रिस्ती मिशनांचे संरक्षक संत यापुढे दोन: एक हा झेविअर आणि दुसरी लिझ्यूची तेरेज. झेविअरने अर्ध्या जगाचा समुद्र तुडवला. तेरेज पंधराव्या वर्षी एका मठात शिरली आणि चोविसाव्या वर्षी त्याच मठात मेली. मधल्या साडेनऊ वर्षांत तिने भिंतीबाहेर पाऊल टाकले नाही. तिने संस्था काढली नाही, व्याख्यान दिले नाही, चमत्कार केला नाही. मग झेविअरच्या शेजारी तिला बसवण्याइतके तिने केले तरी काय? तिच्या हयातीत हा प्रश्न मठातल्याच एका भगिनीला पडला होता. तेरेज मरणपंथाला लागली तेव्हा ही भगिनी म्हणत होती की हिच्या मृत्यूनंतर आपल्या मठाध्यक्षा हिच्याविषयी लिहिणार तरी काय, सांगण्यासारखे हिने काही केलेलेच नाही. हे बोलणे तेरेजच्या कानावर गेले आणि तिला त्याचा आनंद झाला, असे तिच्या बहिणींनी नोंदवले आहे.

चरित्र थोडक्यात सांगतो, कारण ते थोडकेच आहे.

२ जानेवारी १८७३ रोजी नॉर्मंडी प्रांतातील अलाँसों या गावी तिचा जन्म झाला. वडील लुई मार्तां घड्याळजी. आई झेली हिचा लेस विणवून घेण्याचा धंदा. अलाँसोंची लेस सबंध युरोपात नावाजलेली होती. झेलीबाईंचा हा धंदा असा चालला की नवऱ्याने आपले घड्याळाचे दुकान सोडले आणि तो बायकोच्या धंद्याचा हिशेब पाहू लागला. नऊ मुले झाली, त्यांतली चार लहानपणीच गेली आणि पाच मुली उरल्या. तेरेज सर्वांत धाकटी. ती साडेचार वर्षांची असताना, १८७७ साली, आई स्तनाच्या कर्करोगाने वारली. त्यानंतर वडील मुलींना घेऊन मामाच्या गावी, लिझ्यूला, राहायला आले. दुसरी बहीण पोलीन हिला तेरेजने मनाने आई मानले होते. तीही १८८२ साली कार्मेलाइट पंथाच्या मठात गेली. पोरीला दुसऱ्यांदा आई गेल्यासारखे झाले. पुढे ती महिनेच्या महिने आजारी पडली, आणि बरी झाली तरी हळवी ती हळवीच राहिली. आधी कशाने तरी रडायचे आणि मग आपण रडलो म्हणून रडायचे, असा तो प्रकार होता. तिनेच तो पुढे थोड्या विनोदाने लिहून ठेवला आहे.

१८८६ च्या नाताळात एक क्षुल्लक गोष्ट घडली. फ्रान्समध्ये लहान मुले त्या रात्री चुलीपाशी बूट ठेवतात आणि वडीलधारी माणसे त्यांत खाऊ घालतात. तेरेज चौदाव्या वर्षात होती, पण धाकटी म्हणून तिच्यासाठी हे अजून चालू होते. मध्यरात्रीच्या प्रार्थनेहून घरी आल्यावर थकलेले वडील वैतागून म्हणाले, बरे झाले, हे आता शेवटचे वर्ष. तेरेज जिन्यावर होती, तिने ते ऐकले. डोळे भरून आले. बहीण सेलीन कानात कुजबुजली, लगेच खाली जाऊ नकोस. पण ती गेली. अश्रू गिळून तिने एकेक वस्तू बुटांतून काढली आणि अशी हसली की वडीलही हसले. एवढेच. तेरेजच्या लेखी मात्र हा आयुष्याला कलाटणी देणारा क्षण होता. आई गेली तेव्हा हरवलेले मनाचे बळ त्या रात्री परत मिळाले, असे ती म्हणते. चरित्रकार अशा जागी आकाशवाणी शोधतात. इथे फक्त जिना आहे आणि बापाचा वैताग आहे.

पुढच्याच वर्षी प्रांझिनी प्रकरण झाले. पॅरिसमध्ये दोन बायका आणि एक लहान मुलगी अशा तिघींचा खून झाला आणि त्यात आंरी प्रांझिनी नावाच्या माणसाला मृत्युदंड झाला. सबंध फ्रान्स त्याच्यावर थुंकत होता. या चौदा वर्षांच्या मुलीने ठरवले की हा आपला. त्याच्यासाठी तिने प्रार्थना चालवली. ३१ ऑगस्ट १८८७ रोजी त्याचा शिरच्छेद झाला. वर्तमानपत्र न वाचण्याची वडिलांची आज्ञा मोडून तिने दुसऱ्या दिवशी ती बातमी वाचली. धर्मगुरूला शेवटपर्यंत नाकारणाऱ्या प्रांझिनीने मान पात्याखाली देण्यापूर्वी एकाएकी क्रूस मागून घेतला आणि त्याचे चुंबन घेतले, असे त्यात छापले होते. तेव्हापासून ती त्याला आपले पहिले लेकरू म्हणू लागली. या मुलीच्या करुणेची जात ओळखायची तर हा प्रसंग ध्यानात ठेवावा, कारण तिच्या अखेरच्या दिवसांचे बीज इथे आहे.

मठात जायला वय कमी पडत होते. मामा, मठाचे अधिकारी, बिशप असे सर्व झाल्यावर ती यात्रेकरूंबरोबर रोमला गेली. २० नोव्हेंबर १८८७ रोजी पोप तेराव्या लिओंच्या पायांशी बसून, बोलू नये अशी सक्त ताकीद असताना, तिने परवानगी मागितली. पोपनी संदिग्ध उत्तर दिले, ती हटेना, तेव्हा रक्षकांनी तिला उचलून बाहेर नेले. ९ एप्रिल १८८८ रोजी अखेर तिला मठाचे दार उघडले.

आता खरा विषय.

मठ म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे शांती येते. लिझ्यूच्या मठात वीस-पंचवीस बायका होत्या. काही कुलीन घरच्या, काही शेतकऱ्यांच्या. काही शहाण्या, काही तिरसट, एकदोघी मनाने आजारी. सबंध इमारतीत शेकोटीची खोली एकच. नॉर्मंडीच्या थंडीने आपण मरायला टेकलो होतो, हे तेरेजने अखेरच्या आजारात प्रथमच सांगितले. त्यातच तिच्या सख्ख्या बहिणी तिथे होत्या: आधी पोलीन आणि मारी, १८९४ मध्ये वडील वारल्यावर सेलीनही आली. पोलीन तर काही वर्षे मठाध्यक्षा होती, म्हणजे धाकटीने थोरल्या बहिणीला रीतीप्रमाणे ‘आई’ म्हणायचे. बहिणी भेटतील तिथे आपण होऊन बसायचे नाही, हा नियम तेरेजने स्वतःला घालून घेतला. ज्यांच्याजवळ कोणी बसत नाही त्यांच्याजवळ ती जाई. वडिलांना १८८९ मध्ये भ्रम झाला आणि त्यांना कां शहरातील वेड्यांच्या इस्पितळात ठेवावे लागले. गावात लोक बोलत की धाकटी लेक मठात गेली म्हणून म्हाताऱ्याचे डोके फिरले. हेही तिला सोसावे लागले.

आणि ध्यान? आपल्याकडे साधकाच्या चरित्रात ध्यानाचे अनुभव यायलाच हवेत. तेरेज सांगते की सकाळच्या ध्यानाला आपल्याला झोप लागते, आणि हे वर्षानुवर्षे चालले आहे. जपमाळ ओढताना मन लागत नाही. तिला याची खंत फारशी नव्हती. आईबापांना मूल जागे असताना जितके आवडते तितकेच झोपलेले असतानाही आवडते, असा तिचा हिशेब.

तिची साधना चाले ती धुण्याच्या दगडापाशी. समोरची भगिनी रुमाल आपटताना मळके पाणी हिच्या तोंडावर उडवी. आपण काय करतो? एक पाऊल मागे सरतो आणि समोरच्याला दिसेल अशा बेताने तोंड पुसतो. तेरेजच्याही मनात नेमके तेच आले. ते तिने केले नाही. उलट दुसऱ्या वेळी ती मुद्दाम तिथेच उभी राहिली. संध्याकाळच्या ध्यानात मागे बसणारी एक भगिनी विचित्र आवाज करी, दोन शिंपले एकमेकांवर घासावेत तसा. तेरेजचे कान शांततेला फार सोकावलेले. वळून एकदा रोखून पाहावे अशी अनावर इच्छा होई. घाम फुटे. मग तिने तो आवाज न ऐकण्याची धडपड सोडून दिली आणि उलट तो लक्ष देऊन, जणू उत्तम गायन चालले आहे असा ऐकायला घेतला, आणि ते गायन देवापुढे ठेवले. त्या संध्याकाळी ध्यान झाले ते एवढेच.

सिस्टर सेंट पिएर नावाची एक म्हातारी भगिनी होती. संधिवाताने पांगळी आणि स्वभावाने किरकिरी. संध्याकाळी सहाला दहा कमी असताना तिला प्रार्थनेतून उठवून जेवणघरात न्यायचे काम तेरेजने मागून घेतले. ती सेवा कशी करायची याचे नियम होते. आधी बाक अमुक प्रकारे सरकवायचा. मग पाठीमागून तिचा कमरपट्टा धरून चालायचे. भराभर चालले की म्हातारी म्हणे, पाडतेस मला. हळू चालले की म्हणे, तुझा हात लागत नाही, सोडलेस वाटते. तू फार लहान आहेस, तुला जमायचे नाही, असे मी म्हणतच होते! जेवणघरात पोचल्यावर बसवायचे, तेही दुखू न देता, मग बाह्या वर सारायच्या, त्याही ठरलेल्या पद्धतीने. तेरेजच्या लक्षात आले की म्हातारीला पाव मोडताना त्रास होतो. मग रोज पाव मोडून द्यायचा आणि निघण्यापूर्वी आपल्याजवळचे उत्तमातले उत्तम हसू तिला द्यायचे. एकदा हिवाळ्यात हे चालले असता दुरून वाद्यांचा आवाज आला. तेरेजच्या डोळ्यांपुढे झगझगीत दिवाणखाना उभा राहिला, नटलेल्या तरुण मुली, गोड बोलणी. आणि हाताशी ही कण्हणारी म्हातारी. त्या सुखाच्या बदल्यात ही दहा मिनिटे आपण दिली नसती, असे तिला त्या क्षणी लख्ख कळले.

मोठ्या वाड्यात किंवा चाळीत दिवस काढलेल्या माणसाला यातली गोम समजावून सांगावी लागत नाही. मानवजातीवर प्रेम करणे सोपे असते, कारण मानवजात रात्री घोरत नाही. शेजारच्या माणसाची अडचण असते.

इथे एक आक्षेप येतो, आणि तो हलका नाही. मठातल्या एका भगिनीचे सगळेच तेरेजला अप्रिय होते, तिची वागणूक, तिचे बोलणे, तिचा स्वभाव. तिला पाहताच तेरेज हसे, तिची कामे करी. भांडण तोंडाशी आले तर रणातून पळणाऱ्या शिपायासारखी पळून जाई. हा पळ तिने स्वतःच कबूल केला आहे आणि मला तो फार आवडतो. शेवटी त्या बाईनेच एके दिवशी विचारले की माझ्यात तुला इतके काय बरे आवडते? हा ढोंगीपणा नव्हे काय? मनात एक आणि चेहऱ्यावर एक? मला तसे वाटत नाही. ढोंगी माणूस स्वतःचा फायदा पाहून हसतो. इथे फायदा समोरचीचा होता आणि खर्च सगळा तेरेजचा. प्रेम ही भावना असेल तर ती आणता येत नाही, आली तर येते. तेरेजने प्रेमाला भावनेच्या हवाली केलेच नाही. तिने ते हातापायांना शिकवले. हृदय मागाहून आले तर आले.

ही तिची ‘लहान वाट’. तिने त्यासाठी लिफ्टचा दाखला दिला आहे. श्रीमंतांच्या घरांत हे नवे यंत्र तेव्हा नुकतेच येऊ लागले होते. थोरांनी साधनेचा उंच जिना चढावा. आपण इतके लहान की पहिली पायरीसुद्धा चढवत नाही, तेव्हा देवाने आपल्याला उचलून घ्यावे, असा तिचा भाव. हे ऐकून पुष्कळांनी तिला गोड, बालिश ठरवले. पण उचलून घेणारे हातच दिसेनासे झाले तर? तिच्यावर तीच वेळ आली.

१८९६ च्या एप्रिलात, ईस्टरपूर्वीच्या गुरुवारी मध्यरात्री, निजताना तोंडाशी काहीतरी उबदार आले. दिवा विझवला होता. तिने तो पुन्हा लावला नाही. सकाळी उजेडात पाहिले तर रक्त. त्या वेळी तिला आनंद झाला, कारण स्वर्ग जवळ आला असे वाटले. आणि त्याच ईस्टरच्या दिवसांत तो स्वर्ग तिच्या मनातून नाहीसा झाला.

हे नीट समजून घ्यावे लागते. आपल्या संतांच्या वाङ्मयात विरह आहे. देव भेटत नाही म्हणून नामदेव रडतात, तुकोबा विठ्ठलाशी भांडतात, आणि काही अभंगांत ते भांडण इतके टोकाला जाते की ऐकणारा दचकतो. पण भांडायला कोणीतरी समोर लागते. तेरेजच्या अंधारात समोर कोणी नव्हते. स्वर्ग दूर गेला असे तिला वाटले नाही. स्वर्ग म्हणून काही नाहीच, असा आवाज आत सुरू झाला. तिने लिहिले आहे की धुक्याने वेढलेल्या देशात जन्मलेल्या माणसाने उजेडाच्या देशाची स्वप्ने पाहावीत, आणि मग धुक्यानेच त्याची थट्टा करावी, खुशाल वाट पाहा, मरणानंतर मिळेल ती याहून काळी रात्र, शून्याची रात्र. पोलीनला तिने सांगितले की अट्टल जडवाद्यांचे युक्तिवाद माझ्या मनात आपोआप उभे राहतात, विज्ञान पुढे जाईल आणि सगळ्याचा उलगडा करून टाकील, असे वाटते. खेड्यावजा गावातल्या मठात, वर्तमानपत्र दिसत नाही अशा ठिकाणी, एका तरुण मुलीच्या डोक्यात एकोणिसाव्या शतकाचा सगळा संशय येऊन बसला होता.

त्यातच एक विटंबना झाली. पॅरिसला लेओ ताक्सिल नावाचा एक लेखक होता. पूर्वी धर्माची टवाळी करणारा हा गृहस्थ आपण पश्चात्ताप पावलो असे सांगून कॅथलिकांत मिसळला आणि त्याने डायना व्हॉन नावाची एक बाई निर्माण केली. ही म्हणे सैतानाची उपासना सोडून ख्रिस्ताकडे वळली. तिच्या आठवणी छापून येऊ लागल्या आणि देशभरचे भाविक हरखले. तेरेजही त्यांत होती. तिने या विषयावर मठात करायला एक नाटुकले लिहिले. पोलीनच्या सांगण्यावरून डायनाला पत्र गेले, सोबत तेरेजचे जोन ऑफ आर्कच्या वेषातले छायाचित्र. उत्तरही आले. मग १९ एप्रिल १८९७ रोजी पॅरिसच्या एका सभागृहात ताक्सिलने पत्रकारांसमोर हसत हसत सांगितले की डायना व्हॉन कधी नव्हतीच, सगळे मीच केले. आणि त्या सभेत पडद्यावर जे चित्र दाखवले होते ते तेरेजचे होते. बातमी मठात पोचली. तेरेजने डायनाचे पत्र फाडून बागेतल्या खताच्या ढिगावर टाकले. याविषयी तिने कुठे तक्रार लिहिली नाही.

तिने जे लिहिले ते या घटनेनंतर सहा-सात आठवड्यांनी लिहिले. पूर्वी मला वाटे, ती म्हणते, की देव नाही असे म्हणणारे लोक मनातून तसे मानत नसतील, उगाच बोलत असतील. आता कळले की खरोखरच असे लोक असतात. आणि मग ती एक विलक्षण पाऊल टाकते. या लोकांच्या पंगतीला आपल्याला बसवले आहे, असे ती मानते. देवाची मर्जी असेल तोवर त्यांच्याच ताटातले दुःखाचे अन्न खात तिथेच बसून राहू, त्यांच्यासाठी आणि स्वतःसाठी एकाच तोंडाने दया मागू. वरच्या पायरीवर उभे राहून नास्तिकांना हाका मारणारे संत पुष्कळ झाले. पंगतीत मांडीला मांडी लावून बसणारी ही मला दुसरी आठवत नाही. प्रांझिनीला ‘आपला’ म्हटले होते ते चौदाव्या वर्षी, दुरून. आता अंतर उरले नव्हते.

ती मनाने डळमळली नाही असे नाही. ख्रिस्ती धर्मश्रद्धेचे सूत्र तिने स्वतःच्या रक्ताने लिहून छातीशी बाळगले होते. ज्याची श्रद्धा स्वस्थ आहे तो असे करीत नाही. त्या काळात तिने स्वर्गसुखाच्या कविता लिहिल्या, भगिनींना वाटे हिला केवढे दर्शन घडते आहे. ती सांगते की ज्यावर विश्वास ठेवायची माझी इच्छा आहे ते मी गाते, एवढेच. रोगाने फुप्फुसे खाल्ली, मग आतडी. दुखणे इतके वाढले की रोग्याजवळ विषारी औषधे ठेवू नका, असे तिने बहिणीला बजावले. श्रद्धा नसती तर क्षणाचाही विचार न करता जीव दिला असता, अशा अर्थाचे ती बोलली आहे. हे बोलणारी आणि शून्याची रात्र पाहणारी एकच मुलगी आहे. मग जिच्या आधाराने ती जगली ती श्रद्धा होती तरी कोणती? आत तर काही जाणवत नव्हते. मला तरी असे दिसते की तिची श्रद्धा तोपर्यंत डोक्यातून आणि काळजातूनही निघून हातात गेली होती. म्हातारीचा पाव मोडून देण्याची जी सवय होती, तिला अंधारातही दिसत होते.

३० सप्टेंबर १८९७ च्या संध्याकाळी ती गेली. बरोबर एका वर्षाने तिच्या आठवणींचे पुस्तक निघाले, ‘एका आत्म्याची कथा’. प्रती दोन हजार. पुढे ते जगभर गेले. पहिल्या महायुद्धात फ्रेंच सैनिकांच्या खिशांत तिची चित्रे होती. १९२५ साली तिला संतपद मिळाले, १९९७ साली धर्मपंडिता ही फार थोड्यांना लाभलेली पदवी मिळाली आणि २०१५ साली तिचे आईवडीलही संत झाले. गावोगावी तिचे पुतळे उभे आहेत, हातात क्रूस आणि गुलाब.

त्या गुलाबांविषयी माझे मत फारसे चांगले नाही. पोलीनने पुस्तक छापताना बहिणीच्या मजकुरात हजारो ठिकाणी फेरफार केले, भाषा गुळगुळीत केली. सेलीनने मठात कॅमेरा आणला होता. तिने काढलेल्या छायाचित्रांवर कुंचला फिरवून चेहरा गोड करण्यात आला. दोघींचा हेतू वाईट नव्हता, आपल्या माणसाला नीटनेटके करून लोकांपुढे आणावे एवढाच. १९५६ साली मूळ हस्तलिखिते जशीच्या तशी छापली गेली आणि १९६१ साली मूळ छायाचित्रे. त्यांतला चेहरा रुंद हनुवटीचा, निग्रही आहे. नजर स्थिर आहे. गोड म्हणावा असा तो नाही.

हिंदुस्थानात तिचा एक धागा आला आहे, तो सांगायला हवा. १९३१ साली एका तरुण परदेशी संन्यासिनीने व्रत घेताना लिझ्यूच्या या तेरेजचे नाव घेतले. पुढे कलकत्त्याच्या रस्त्यांवर मरणाऱ्यांना उचलणारी मदर तेरेसा ती हीच. २००७ साली तिची खाजगी पत्रे प्रसिद्ध झाली तेव्हा जग चकित झाले, कारण जवळजवळ पन्नास वर्षे तिलाही आत देव जाणवला नव्हता. तेवढ्यावरून काहींनी तिला ढोंगी ठरवले. लिझ्यूच्या मुलीची वही ज्यांनी वाचली होती त्यांना तसे वाटले नसावे.

ती वही कशी लिहिली गेली ते सांगून मी थांबतो. १८९७ च्या जूनमध्ये मठाध्यक्षांनी तेरेजला उरलेल्या आठवणी लिहायला सांगितल्या. काळ्या पुठ्ठ्याची लहानशी वही होती. वडिलांच्या आजारपणातली चाकांची खुर्ची मठात आणली होती, ती बागेत चेस्टनटच्या झाडाखाली लावून तिला बसवत. आत शून्याची रात्र, आणि बाहेर गवत कापणीचे दिवस. गवत वाळवायला निघालेली प्रत्येक भगिनी मायेने दोन मिनिटे थांबे, फुले देई, एखादी गोष्ट सांगे, बरे वाटेल म्हणून. एक गेली की दुसरी. सलग दहा ओळी लिहायला सापडत नाहीत, असे ती त्याच वहीत लिहिते, आणि आता ही पाहा कोण येते आहे, असे सांगते. शेजारधर्माविषयी लिहायला बसले आणि शेजारीणच लिहू देत नाही, याचे तिला हसू येत होते. तिने कोणालाही परत पाठवले नाही. जुलै उजाडला तेव्हा बोटांत लेखणी धरवेना, म्हणून शेवटचे पान तिने शिसपेन्सिलीने लिहिले आहे. त्यानंतर तिला आजारघरात नेले. वही पुढे कोरी आहे.